जवळचं दिसायला लागलं

स्वयंपाकघरातल्या बाकावर पडल्या पडल्या आर्वोने कॉफीच्या पुड्यावरची बारीक अक्षरं धडाधड वाचून दाखवली. चुलीपाशी उभ्या लेम्पीचा हात थांबला. जवळचं काही बघायचं तर या माणसाला कित्येक वर्षं चष्मा लागत होता.

“चष्मा कुठाय तुझा?”

“नकोच आता. तापाने डोळे सुधारले बघ माझे.”

“हो का? मग तळ्यावर कोण आहे, सांग.”

आर्वोने खिडकीतून पाहिलं. होडीत त्याचा सख्खा भाऊ जाळं ओढत होता.

“असेल कोणीतरी.”

लेम्पीच्या लक्षात आलं. अंगात ताप, कंबरेत कळा, आणि आता लांबचं धूसर, जवळचं लख्ख. हे दुखणं फिनलंडमध्ये कोणाला नवं नाही. थंडी पडली की रानउंदीर सरपणाच्या खोपटात शिरतात, लेंड्या टाकतात. मग एखादा शहाणा त्या कोरड्याच झाडतो, धूळ नाकात घेतो, आणि ते दुखणं मूत्रपिंडावर जातं. आधी पाणी शिंपड, असं तिने आर्वोला हजारदा बजावलं होतं. पण साहेबांची वाळलेली लाकडं भिजली असती ना!

“ऊठ. दवाखान्यात जायचंय.”

“लाकडं फोडून कंबर धरलीय गं नुसती. सौना तापव, वाफेत सुटेल.”

“सकाळपासून लघवीला गेलास?”

आर्वो कॉफीचा पुडा पुन्हा वाचू लागला.

“सौनात घाम निघतो, म्हाताऱ्या, लघवी नाही. आणि मला इतक्यात विधवा व्हायचं नाही. मयतीचा काळा झगा दंडात बसत नाही.”

तिने फोन करून गाडी बोलावली. त्याला बसतं केलं, जाड कोट चढवला आणि समोर गुडघे टेकून बटणं लावू लागली. आर्वो एकटक तिच्याकडे बघत होता.

“काय बघतोस?”

“तुझ्या पापण्या पांढऱ्या झाल्यात. कधी झाल्या?”

“तू लाकडं रचत होतास तेव्हा.”

“छान दिसतात.”

“ताप चढलाय तुला.”

“बरा झालो की हे दिसणं जाईल का गं?”

“जाईल. जायलाच हवं.”

अंगणात गाडी येऊन थांबली. लेम्पीने गळ्याशी शेवटचं बटण लावलं. मग ते काढलं, आणि पुन्हा सावकाश लावायला घेतलं.