खिळ्यावरचा नान

"सरळ धरा, ओयी. फोटो काढायचा नाही, नुसतं दाखवायचं. ओळखायचं काम त्याचं," मफ्तुना म्हणाली. सासूने, सलोमतने, फोन दोन्ही हातांनी धरला होता, तापलेली कढई धरावी तसा.

दुपारी सलोमतचा धाकटा भाऊ हिकमत जेवायला यायचा होता. एकोणतीस वर्षांनी. अंदिजानपासून कोकंदपर्यंत त्याची चाळीस दुकानं, तेव्हा त्याच्या पाहुणचाराचं सामान त्याच्याच दुकानातून मागवायचं असं सुनेने ठरवलं होतं. बाजारात जायचं कारणच उरलं नव्हतं. वस्तू फोनला दाखवली की तो नाव सांगे, भाव सांगे आणि टोपलीत टाके. त्याने पिवळं गाजर ओळखलं, सरकीच्या तेलाची बाटली ओळखली. झाकण फुटलेली किटली दाखवल्यावर नवी घ्या म्हणाला. हा अगदी माझ्या विहिणीसारखा बोलतो, असं सलोमत म्हणाली. मफ्तुनाने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण विहीण म्हणजे तिचीच आई.

मग गंमत म्हणून सलोमतने फोन भिंतीकडे वळवला.

भिंतीवर खिळ्याला एक नान टांगलेला होता. वाळून लाकूड झालेला, कडेचा एक घास कमी. घरातून लांब जाणाऱ्याने नानचा एक घास दातांनी तोडायचा, उरलेला त्याच्या नावाने टांगायचा आणि परतल्यावर त्यानेच तो संपवायचा. एकोणिसाव्या वर्षी हिकमत ताश्कंदला निघाला, त्या सकाळचा हा नान. त्याआधी पाच वर्षं सलोमत तंदुरात हात घालून नान भाजायची आणि तो ते जुन्या बाबागाडीत चादरीखाली झाकून मर्गिलानच्या गल्ल्यांतून विकायचा. पुढे तो गावात यायचा तो दुकानांच्या उद्घाटनांना. गाडी दारावरून निघून जायची. नान खिळ्यावर आहे तोवर माणूस वाटेतच आहे, असं सलोमत शेजारणींना सांगायची. शेजारणी मान हलवायच्या.

फोन जरा घुटमळला. मग म्हणाला, सापडलं.

पडद्यावर पाकिटातला नान होता. नाव, 'आईचा नान'. कोपऱ्यात बाबागाडीचं चित्र आणि त्याखाली 'आमची कहाणी'. मफ्तुना मोठ्याने वाचायला लागली. एका विधवेने तंदूर पेटवला, तिच्या मुलाने बाबागाडी ढकलली, त्यातून चाळीस दुकानं उभी राहिली. त्या माउलीचा ठसा आजही आमच्या प्रत्येक नानवर असतो. बहिणीचं नाव कुठेच आलं नाही. शेवटाकडे मफ्तुनाचा आवाज बारीक होत गेला.

सलोमतने चष्मा लावला. पाकिटातल्या नानच्या मधोमध सुयांनी टोचलेलं फूल होतं. आठ पाकळ्या, आठवीच्या टोकाला टिंब नाही. तिने खिडकीतला आपला लाकडी ठसा आणून शेजारी धरला. त्या टिंबाची सुई तुटली तेव्हा आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. दुसरी बसवायला सवड झाली नाही, गिऱ्हाइकांनीही कधी विचारलं नाही. कारखान्याने मोडकी सुईसुद्धा इमानाने उतरवून घेतली होती.

भावाला फोन लाव, असं तिने सुनेला सांगितलं.

हिकमत खुशीत होता. निघालोच म्हणाला, कॅमेरावाले बरोबर आहेत, नानला कोणी हात लावू नका, तो मी त्यांच्यासमोरच उतरवून खाणार. सलोमतने विचारलं, तुझ्या कहाणीत आई कुठून आली. त्यावर तो, जाहिरातवाल्यांनी लिहिलंय ते, असं म्हणाला. आणि लहानपणी ओपाकडून, म्हणजे ताईकडून, काही हवं असलं की काढायचा, तोच आवाज त्याने काढला.

"लोकांना आई आवडते, ओपा. आणि तू मला आईसारखीच ना?"

"आईसारखी खरी," सलोमत म्हणाली. "फक्त मेले नाही, तेवढं राहिलं."

टोपलीत टाकलेलं सगळं काढून टाक, असं तिने सुनेला सांगितलं. गाजरं, तेल, किटली, सगळं. मग ती स्टुलावर चढली आणि तिने खिळ्यावरचा नान उतरवला.

मफ्तुना घाबरून उठली. तो मामांचा आहे, दुसऱ्याने खाल्ला तर वाट बंद होते, एवढं ती बोलली आणि सासूचा चेहरा पाहून चहा ठेवायला गेली.

नान एका किटलीने भिजेना. दुसरी लागली, तिसरी लागली. सलोमत घासाच्या समोरच्या कडेपासून हाताने तुकडा मोडायची, वाटीतल्या चहात बुडवायची, मऊ व्हायची वाट पाहायची आणि सावकाश चावायची. घाई नव्हती. डाव्या बाजूचे दात तिला फारसे उरले नव्हते.

हिकमत कॅमेरावाल्यांना घेऊन आत आला. त्याने आधी खिळ्याकडे पाहिलं, मग खाली अंथरलेल्या दस्तरखानाकडे. पुलाव नव्हता, फळं नव्हती. मधोमध बशीत नानची एक कोर तेवढी होती, अंगठ्याएवढी, आतल्या बाजूला एका पोराच्या दातांच्या खुणा.

"ओपा, माझा नान कुठाय?"

एका कॅमेरावाल्याने मफ्तुनाला हळूच विचारलं, ह्या कोण.

सलोमतने तोंडातला तुकडा शांतपणे गिळला, वाटीतला उरलेला चहा संपवला आणि बशी भावापुढे सरकवली.

"तुझा घास तू त्याच दिवशी खाल्लास, हिकमत. बाकीचा माझा होता."