मुकुटाची तपासणी

माणूस दार न वाजवता आत आला, दार लावलं आणि वर कडीही घातली. बकुळाच्या मांडीवरचा मुकुट तिथेच राहिला. गिरगावातल्या चाळीची ती एवढीशी खोली; तिच्यात चहूकडे मोरपिसं पसरलेली. लपवणार तरी कुठे?

दादरला सरकारी माणूस घरोघर शिरून पिसं जप्त करतोय, ही बातमी शेजारच्या बेबीने सकाळीच दिली होती. मोर मारायला बंदी आहे म्हणे. इकडे उद्यावर दहीहंडी आलेली, चाळीतल्या तमाम बाळकृष्णांची डोकी बकुळाच्या भरवशावर. आणि हा समोर उभा. इस्त्रीचा सदरा, पायात बूट, कपाळावर घाम.

"साहेब, पिसांसाठी आलात ना?"

त्याने खोलीभर नजर फिरवली. "पिसांसाठीच," तो म्हणाला आणि खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसला. "कुठून आणलीत?"

भुलेश्वरच्या फेरीवाल्याला हे बकुळाने मुद्दामच विचारलं नव्हतं. "माहेराहून."

"माहेर कुठलं?"

"ठाकूरद्वार."

"ठाकूरद्वारला मोर?"

"पूर्वी होते."

साहेबाने गंभीरपणे मान डोलावली. "मारून काढलीत की गळलेली?"

"गळलेलीच हो. मोर स्वतः आणून द्यायचा."

"वय काय होतं?"

"माझं?"

"मोराचं."

"तरुण होता," बकुळा म्हणाली. खोटं बोलायचं तर अर्धवट कशाला?

"पोरानं पीस तोंडात घातलं तर?"

"रिठ्याच्या पाण्यात धुतलीत, उन्हात वाळवलीत. आमच्या हेरंबनं गेल्या वर्षी अख्खं खाल्लं."

"मग?"

"मग दुसरं मागितलं."

"आणि काडी टोचली तर?"

"टोक कापून वर चिंधी गुंडाळते. बघा की घालून."

त्याने मुकुट खरंच डोक्यावर चढवला. डावीकडे मान वळवली, उजवीकडे वळवली. "टोचत नाही," तो म्हणाला. "पण तपासणी सावकाश करावी लागते. मला घाई नाही. चहा टाकता?"

सरकारी माणसाला घाई नाही, म्हणजे हा पंचनामा करूनच उठणार. तिने चहा टाकला. त्याने तो बशीत ओतून, फुंकर मारत, दोनदा घेतला. मुकुट डोक्यावरच.

बकुळा आतून धुमसत होती. नवरा जगदीश सकाळपासून संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठ्या खायला गेलेला. तीही जाणार होती, पण मुकुट राहिले होते म्हणून मागे थांबली. आणि ज्या सरकारविरुद्ध तो तिकडे घसा फोडतोय, त्याच सरकारचा माणूस इथे तिच्याच साखरेचा चहा पितोय!

"मुकुट न्यायचे का तुम्हाला?" तिने धीर करून विचारलं.

"अजून ठरलं नाही," साहेब म्हणाला. "संध्याकाळपर्यंत बसावं लागेल."

तेवढ्यात गॅलरीत नालांचे बूट वाजले. बकुळाने फटीतून पाहिलं. हवालदार बाबुराव, काखेत दंडुका, घाम पुसत जिन्याकडे परत चाललेले. बकुळाच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. हा साहेब एक रात्र कोठडीत गेला तरी पुरे. आपण कोण हे तिथे पटवून देईस्तोवर इकडे हंडी फुटलेली असेल.

"दूध आलंय वाटतं," म्हणून ती उठली आणि तिने कडी काढली.

"बाई, दार नको—"

"बाबुराव! अहो बाबुराव! इकडे या, मोर्चेवाला शिरलाय माझ्या घरात! तुमच्या चौकीवर काळं निशाण यानंच लावलं!"

चौकीवर निशाण आहे की नाही, हे देवालाच ठाऊक. ते तिने तिथल्या तिथे, उंबरठ्यावर उभ्या उभ्या रचलं होतं.

बाबुराव थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता. "वहिनी, नक्की ना? मी तर निघालोच होतो."

"शंभर टक्के! स्वतःच्या तोंडानं सांगितलं त्यानं!"

साहेबाने मुकुट काढला. एकही पीस वाकू न देता तो बकुळाच्या हातात ठेवला आणि बाबुरावांपुढे दोन्ही मनगटं धरली.

"मी तर तुमच्याशी फक्त मोराचंच बोललो, बाई," तो म्हणाला. "आणि निशाण लावताना तर मला कुत्र्यानंसुद्धा पाहिलं नव्हतं."