विरजणाची वाटी

विक्रेत्याने दुहेरी काचेच्या नमुन्यामागे मोठा दिवा लावला. "ताई, हात लावून बघा." तिने तळवा टेकवला. काच गारच होती. अकोल्याच्या मे महिन्यात अशा खिडक्यांसाठी तिने नवऱ्याच्या किती विनवण्या केल्या होत्या! आजही तो कपाळाला आठ्या घालूनच बसला होता.

मग विक्रेत्याने वाजणारा मोबाइल त्याच काचेच्या पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. आवाज पार नाहीसा झाला. "हा खरा फायदा, साहेब. घरातलं घरातच राहतं."

नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "सगळ्या खिडक्यांना बसवा. आधी स्वयंपाकघराची घ्या."

त्या खिडकीपलीकडे गावंडेकाकूंचं घर होतं. नवऱ्याचा आवाज चढला, की काकू वाटी घेऊन दारात हजर व्हायच्या. "विरजण देतेस का गं?" मग त्याचा उगारलेला हात खाली यायचा. काकूंच्या घरी दही कुणीच खात नव्हतं.

तिने काचेवरचा हात काढला. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता.

"नको," ती म्हणाली. "मला उकाडा परवडला."