ओट्याची उंची

माझी बायको मालन गेल्याचा फोन आला, तेव्हा मी हॅम्बर्गच्या नव्या फ्लॅटमध्ये ओट्याचं माप घेत होतो. इथे फ्लॅट ओट्याशिवायच मिळतो. पुढच्या महिन्यात ती यायची होती. ती ठेंगणी, म्हणून ओटा बुटकाच करणार होतो.

दिवसकार्य उरकून परतलो. यूसुफ नावाचा म्हातारा सुतार आला.

"किती उंच करू?"

मी सवयीने तिच्या मापाला हात धरला.

तो हसला. "अहो, तुमची कंबर मोडेल! स्वयंपाक कोण करणार?"

मी हात खाली घेतला. "मी."

"मग ताठ उभे राहा बघू," म्हणत त्याने टेप चार बोटं वर सरकवली.

ओटा झाला. वरण-भात जमतो, भाजीही जमते. रविवारी यूसुफला जेवायला बोलावलं आहे. पोळ्या अजून येत नाहीत.