त्रेचाळीस इंची बारसं

बारसं टीव्हीवर दिसलं. इतकं स्वच्छ, की बाळाच्या गालावरची तीटसुद्धा लिंबाएवढी. पण हे झालंच नाही असं धरून चालू.

कारण रविवारी सकाळी अकरा वाजता प्रेमराज टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता आणि टीव्ही काळाठिक्कर होता. पिंपळनेरजवळच्या त्या गावात प्रेमराजचं अर्ज टाइप करून देण्याचं केंद्र होतं. ज्याला अर्ज टाइप करता येतो त्याला टीव्ही जोडता येतोच, असा गावाचा समज. आणि तो खोडून काढण्याइतका प्रेमराज अजून धीट झाला नव्हता.

"काय व्हयनं रे?" पितांबर आबांनी खाटेवरून विचारलं. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"आबा, लॅपटॉप म्हणतो, टीव्ही जोडला गेला."

"मंग टीव्ही काय म्हणस?"

"टीव्ही काहीच म्हणत नाही."

"मना भाऊसारखा शे," आबा म्हणाले.

आबांचा भाऊ म्हणजे भिंतीपलीकडचे लोटन नाना. आबांच्या सपनाच्या लग्नात मानाची टोपी आधी कुणाला, यावरून दोघांचं बोलणं तुटलं, त्याला अकरा वर्षं झाली. चुरस तेवढी शाबूत होती. आबांनी धुळ्याहून त्रेचाळीस इंची टीव्ही आणला, तर तिसऱ्या दिवशी नानांनी त्याच दुकानातून तोच आणला.

आणि आता, अकरा वर्षांनी, सपनाला मुलगी झाली होती. तीही मस्कतला. लॅपटॉपवर बाळाचं तोंड सुपारीएवढं दिसे आणि सपनाच्या आईच्या, मंदा अक्कांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नातीचं तोंड एकदा मोठं बघायचं, एवढीच त्यांची हौस. त्यासाठी टीव्ही जोडायचा हा तिसरा रविवार होता.

लॅपटॉपला तारेचं भोक नव्हतं, म्हणून सगळा कारभार बिनतारी. प्रेमराजनं टीव्हीचा सोर्स बदलला. रिझोल्युशन कमी केलं, वाढवलं. 'डुप्लिकेट'चं 'एक्स्टेंड' केलं आणि वाईट वाटून पुन्हा 'डुप्लिकेट' केलं. यादीत टीव्हीचं नाव एकच येत होतं. चुकायला जागाच नव्हती.

तिकडे पाळणा हलला. नाव ठेवलं दीपमाला.

"माले काहीच दखाय नही ऱ्हायनं," लॅपटॉपला नाक टेकवून अक्का म्हणाल्या. "ही पोर शे का उशी शे?"

"डावीकडे पोर, अक्का. उजवीकडे उशी."

अक्कांनी पदरानं लॅपटॉप पुसला. मग डोळे पुसले. तेवढ्यात भिंतीपलीकडून घुगऱ्यांच्या फोडणीचा वास आला.

"आज तिले कसाना सण शे?" अक्का जावेवर करवादल्या. "आठे टीव्ही बंद, अन् तठे फोडणी!"

"उद्या धुळ्याहून मिस्त्री बोलवतो!" आबांनी जाहीर केलं. भिंतीकडे तोंड करून, जरा मोठ्यानं.

सोमवारी प्रेमराज केंद्रावर पोचला, तर लोटन नाना आधीच पायरीवर बसलेले. डोक्याला इस्त्रीची टोपी, मांडीवर झाकणाचा डबा.

"तंटामुक्ती समितीले अर्ज लिखणा शे. मी सांगस तसा लिख. मधमा बोलू नको."

प्रेमराजनं बोटं मोडून कीबोर्डवर ठेवली. नानांनी घसा खाकरला. अर्ज म्हटला की ते एकदम शुद्ध बोलत.

"विषय : शेजारील टीव्ही दुरुस्त होऊ न देणेबाबत. महोदय, गेले तीन रविवार आमचा टीव्ही आपण होऊन 'परवानगी द्यायची का?' असे विचारतो व आम्ही हो म्हणतो. नातीचे तोंड परातीएवढे दिसते. नाव आम्हांस पसंत आहे. खालच्या कोपऱ्यातील चौकटीत मोठे बंधू दिसतात. ते फार वाळले आहेत. तरी धुळ्याच्या मिस्त्रीस वेशीवरच अडवावे व दर रविवारी अकरा वाजता मोठे बंधू आणि वहिनींनी आमच्या घरी हजर राहावे, असा लेखी आदेश व्हावा, ही नम्र विनंती. खाट उचलायला मी येईन. टोपी आधी त्यांना. सोबत : घुगऱ्या, डबा एक."