वीतभर कमी

"टेपचं दुसरं टोक या वेळी मी धरतो," राजेंद्र म्हणाला. "मागच्यासारखं नको."

मुबारकभाईंनी टेप पुढं केली. दोघे बोटीच्या डेकवर गुडघे टेकून बसले होते, मधे केबिनवरच्या झाकणाची उघडी चौकट. बीड बायपासजवळच्या राजेंद्रच्या बंगल्याच्या अंगणात शिडाची बोट उभी आहे, याचं गल्लीला आता नवल राहिलं नव्हतं. राजेंद्रनं ती मोडकी बोट गोव्याहून उचलून आणली होती आणि हौसेनं नवी करत होता. समुद्र नसला म्हणून काय झालं, पैठणला नाथसागर होता ना!

मुबारकभाई म्हणजे गच्च्यांचे कारागीर. शहरात कुणाची गच्ची गळली की पहिलं नाव त्यांचं निघायचं. गच्ची काय नि डेक काय, पाणी आत येऊ द्यायचं नाही एवढंच, असं म्हणून राजेंद्रनंच त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी झाकणं बसवली, चौकटीखाली फटी बुजवणारं सीलंट भरलं, कडेच्या खाचेत काळ्या रबराची पट्टी लावली.

मग पाहुण्यांना घेऊन बोट नाथसागरात उतरली. वारा उठला, लाटा डेकवर चढल्या आणि पुढच्या झाकणातून पाणी थेट केबिनमध्ये आलं. नव्या गाद्या भिजल्या. राजेंद्रच्या सासूबाई निथळत्या लुगड्यानं काठावर उतरल्या. "गच्चीवाल्याच्या हाती बोट दिली की असंच व्हायचं," राजेंद्र सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला. कुणीतरी फिसकन हसलं. मुबारकभाईंना तोंड कुठं लपवावं कळेना.

पण त्यांच्या लाजेचं खरं कारण त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं. पुढच्या झाकणाची पट्टी त्यांनी आदल्या संध्याकाळी मापून, कापून अंगणात ठेवली होती. सकाळी बसवायला घेतली तर वीतभर कमी. त्या दिवशी नेमकं आठवड्यानं नळाला पाणी आलेलं, राजेंद्रच्या घरात बादल्या नि पिंपं भरायची पळापळ. माप चुकलं, नवी पट्टी आणावी लागेल, असं कुणाला सांगायचं? त्यांनी पट्टी ओढून ताणून पुरी केली. ताणलेलं रबर हळूहळू मागं सरकतं नि सांधा उघडतो, हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांना खात होती. पट्टी कापली की शेवटच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही त्यांची जुनी सवय. त्या पट्टीवर तोही नव्हता. म्हणजे मापही चुकलं आणि ठिपकाही विसरला. वय झालं, दुसरं काय.

घरी बायकोला, मेहरुन्निसाला, त्यांनी सांगून टाकलं होतं, एवढं काम नीट करून देतो, मग हत्यारं कायमची ठेवून देतो.

"एकदा चुकलं म्हणून कोणी हात तोडून टाकतंय का?" ती म्हणाली होती.

"हात ठीक हाय. डोकं दगा द्यायलं."

आता बोट परत अंगणात आली होती. माप घेऊन झालं, तरी त्यांनी ते पुन्हा घेतलं. मग आणखी एकदा. राजेंद्रला हसू आलं.

"लई धास्ती घेतली राव तुम्ही."

"भरवसा नाय राहिला, साहेब. दुसऱ्या कोणाचा नाय, माझाच."

पट्टी कापली, टोकाला ठिपका दिला आणि जराही न ओढता, अलगद दाबत खाचेत बसवली. सांधा बिजागरीच्या बाजूला घेतला. राजेंद्रची बायको विशाखा बॅटरी घेऊन केबिनमध्ये उतरली. झाकण बंद झालं. मुबारकभाईंनी आपला कॅन उचलला. ते कामावर पाणी स्वतःचं आणत. या शहरात दुसऱ्याच्या घरचं पाणी हात धुवायला मागणं त्यांच्या जिवावर यायचं. अख्खा कॅन त्यांनी झाकणावर रिता केला आणि श्वास धरून उभे राहिले.

"चाचा, एक थेंब नाय!" आतून विशाखा ओरडली.

त्यांना आनंद झाला नाही. इतक्या सोप्या कामात आपण तोंडावर पडलो, एवढंच मनात आलं. त्यांनी टेप पुसली आणि राजेंद्रपुढं धरली.

"ही ठेवून घ्या, साहेब. मला आता लागायची नाय."

"असं काय करता चाचा?" वर येत विशाखा म्हणाली.

"बरोबर आहे त्यांचं," राजेंद्रनं टेप खिशात टाकली. "आराम करा आता. कधीतरी थांबावंच लागतं."

मुबारकभाईंनी मान डोलावली. बोटं सीलंटनं चिकट झाली होती आणि कॅन तर रिकामा.

"मागं ड्रम आहे, चला," राजेंद्र म्हणाला आणि त्यांच्यासोबत घरामागं आला. "तोटी जपून फिरवा हां. मागं एकदा हा भरायला घेतला तर बुडातनं नुसती धार लागली होती. पाणी आलेलं, आणि प्लंबर शोधत बसू का? हाताला लागलं त्यानं मीच बांधली. तेव्हापासून टिपूससुद्धा नाय. प्रत्येक कामाला कारागीर लागतोच असं नाय, मुबारकभाई."

मुबारकभाई तोटीपाशी वाकले.

तोटीच्या बुडाशी काळ्या रबराची वीतभर पट्टी गच्च गुंडाळलेली होती. तिच्या टोकाला पांढरा ठिपका होता.

त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग हात न धुताच सरळ झाले.

"साहेब," ते म्हणाले, "माझी टेप द्या."