पुन्हा पहिला चरण

अमिरातीतल्या अल ऐनच्या नेमबाजी क्लबात सूर्यकांतची शेवटची गोळी उरली होती. हातातली ठासणीची रायफल त्याच्या मित्राने, रत्नागिरीच्या कासमभाईने, दोन वर्षं खपून घडवली होती. ती जिंकली तर क्लब कासमभाईला वर्कशॉप देणार होता. सूर्यकांत कीर्तनवेडा. रायफल भरताना तो अभंग गुणगुणायचा, म्हणजे क्रम चुकत नसे: पहिल्या चरणाला काळी बारूद, दुसऱ्याला गोळी, तिसऱ्याला ती ठासायचा गज. पहिला चरण झाला आणि मशिदीतून असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, बांग आली. सूर्यकांत अदबीने गप्प उभा राहिला. अभंग मधूनच उचलायचा नाही, ही त्याची लहानपणापासूनची शिस्त. बांग संपल्यावर त्याने पुन्हा पहिला चरण धरला आणि हातही पहिल्यापासून चालू लागले. मागे बसलेला कासमभाई ताडकन उभा राहिला. पण कुणी बोललं की नेमबाज बाद, असा नियम होता. सूर्यकांतने रायफल खांद्याला लावली. "सूर्याभाऊ, खाली घे! मारू नकोस!" कासमभाई ओरडला. पंचाने लाल झेंडी दाखवली. "कासम, येडा झालास काय? तुझं वर्कशॉप गेलं ना!" सूर्यकांत उसळला. कासमभाईने रायफल घेऊन घोड्याखालची ठिणगी पाडणारी टिकली काढली आणि गज नळीत सोडला. भरणी बरोबर असती तर गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली असती. ती चांगली दोन बोटं वर राहिली. आत दुप्पट बारूद होती. सूर्यकांत त्या खुणेकडे बघत म्हणाला, "तुझ्या बांगेसाठीच थांबलो होतो रे." कासमभाईने त्याचा हात धरला. "म्हणून तर अल्लाने मला तुझा अभंग ऐकवला."